अनवाणी पायांवरील आळ

विश्वचषकाचे वर्ष उजाडले की आपल्याकडील वृत्तपत्रांच्या रविवार-पुरवण्यांतून आणि क्रीडामंडळांच्या व्यासपीठांवरून एक कथा हमखास सांगितली जाते. ती अशी की, १९५० साली ब्राझीलमध्ये भरलेल्या जागतिक फुटबॉल-स्पर्धेत खेळण्याचा मान भारताला प्राप्त झाला होता. परंतु आपले खेळाडू अनवाणी खेळत, आणि पायांत बूट चढविल्याखेरीज मैदानात उतरता येणार नाही असा हुकूम फिफाने सोडल्यामुळे त्या स्वाभिमानी (सांगणारा जरा दयाळू असेल तर बिचाऱ्या) खेळाडूंना घरी बसावे लागले. कथा सुटसुटीत आहे, करुण आहे, तीत परकीयांचा जुलूमही आहे आणि स्वकीयांचा बाणाही आहे. सभेत सांगितली असता टाळी पडते, मुलांना सांगितली असता त्यांचे डोळे विस्फारतात. ती खरी नाही, एवढाच काय तो तिच्यातला दोष.

पण केवळ खोटेपणासाठी मी तिच्यावर लेखणी उचलली नसती. अनेक खोट्या कथा निरुपद्रवी असतात आणि त्यांना समाजाच्या घरात आजीबाईंप्रमाणे एका कोपऱ्यात सन्मानाने बसू द्यावे हेच शहाणपणाचे असते. ही कथा तशी नाही. तिने एका दप्तरातील निर्णयाची जबाबदारी उचलून अकरा खेळाडूंच्या पावलांवर ठेवली, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ ती तेथेच राहू दिली. ज्यांचा अपराध होता ते कारभारी या कथेत कोठेच दिसत नाहीत. दिसतात ते केवळ पाय, आणि तेही अडाणीपणाचे चिन्ह म्हणून. या आरोपातून त्या पायांची मुक्तता करावी आणि फिर्याद योग्य प्रतिवादीच्या नावे दाखल व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी नोंदवून ठेवू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९४८ साली फिफाचा सदस्य झाला. १९५० च्या स्पर्धेसाठी भारताला ज्या पात्रता-गटात ठेवण्यात आले त्यात ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स हे देश होते. त्या तिघांनीही आपापली नावे मागे घेतल्याने एकही सामना न खेळता भारताला प्रवेश मिळाला. दिनांक २२ मे १९५० रोजी रिओ दि जानेरो येथे सोडत निघाली आणि भारताचे नाव स्वीडन, इटली व पॅराग्वे यांच्यासह तिसऱ्या गटात पडले. स्पर्धेला २४ जूनपासून प्रारंभ व्हावयाचा होता. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी यजमानांच्या बाजूने दर्शविण्यात आली होती. आणि एवढे सर्व झाल्यावर, म्हणजे नाव दिल्यावर, स्वीकारले गेल्यावर, गटपत्रिकेत छापले गेल्यावर, महासंघाने संघ पाठविण्यास नकार दिला. त्या वेळी जी कारणे दिली गेली ती संघनिवडीतील मतभेदांची आणि सरावास पुरेसा अवधी नसल्याची होती. बुटांचा उल्लेख या कारणांत नाही. ज्या सबबीने आज सारे जग भारताच्या अनुपस्थितीचा उलगडा करते ती सबब खुद्द गैरहजर राहणाऱ्यानेच दिलेली नव्हती, हे या प्रकरणातील पहिले आणि कथाकारांना सर्वांत अडचणीचे सत्य होय.

ते म्हणतील, कारणे जाहीर करावयाची निराळी आणि खरी निराळी. महासंघाला लाज वाटली असेल म्हणून त्याने बुटांची गोष्ट झाकली. असा युक्तिवाद ऐकला की मला नेहमी कौतुक वाटते, कारण पुराव्याचा अभाव हाच पुरावा मानण्याची ही रीत कोणत्याही न्यायालयात चालत नाही, पण गप्पांच्या फडात उत्तम चालते. तरीही तो क्षणभर मान्य करू आणि पाहू की, फिफाने खरोखरच १९५० च्या सुमारास अनवाणी खेळण्यास मनाई केली असती, तर पुढे काय व्हावयास हवे होते.

पुढे दोनच वर्षांनी हेलसिंकीला ऑलिंपिक भरले. ऑलिंपिकमधील फुटबॉलही फिफाच्याच नियमांखाली खेळला जातो. त्याला काही निराळे शास्त्र नाही. दिनांक १५ जुलै १९५२ रोजी भारताचा संघ युगोस्लाव्हियाविरुद्ध मैदानात उतरला आणि त्यातील अनेक खेळाडू अनवाणी होते. पंचाने त्यांना परत पाठविले नाही, फिफाच्या कोणा अधिकाऱ्याने त्यांची पावले तपासली नाहीत, सामना रीतसर खेळला गेला आणि भारताने तो १० विरुद्ध १ अशा फरकाने गमावला. तो एक गोल अहमद खान यांचा. जो नियम १९५० साली एवढा कडक होता की त्याच्यामुळे एका राष्ट्राला विश्वचषकावर पाणी सोडावे लागले, तो नियम १९५२ साली कोठे गेला? त्यापूर्वी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्येही बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच होते. म्हणजे अनवाणी पायांना आधी मुभा, मग दोन वर्षांनी मनाई, मग पुन्हा दोन वर्षांनी मुभा, असा हा विलक्षण कायदा असला पाहिजे. आणि तो नेमका ज्या एका उन्हाळ्यात आपल्या कारभाऱ्यांना निमित्त हवे होते त्याच उन्हाळ्यात अंमलात आला असला पाहिजे!

बुटांचे फर्मान निघाले नाही असे नव्हे. ते निघाले, पण ते काढले आपल्याच महासंघाने, आणि तेही हेलसिंकीच्या त्या मानहानीनंतर. आपल्या घरच्या हुकुमाची तारीख दोन-तीन वर्षे मागे ओढावी, त्यावर परकीयांची मोहोर उठवावी आणि मग त्या मोहोरेकडे बोट दाखवून अश्रू ढाळावेत, असा हा सगळा व्यवहार आहे. ही उलथापालथ कोणी जाणूनबुजून केली असे मी म्हणत नाही. स्मृतीचा जमाखर्च असाच गहाळपणाने लिहिला जातो: लंडनचे अनवाणी पाय, ब्राझीलची अनुपस्थिती आणि हेलसिंकीनंतरचे बूट ही तीन निरनिराळ्या वर्षांची तीन सत्ये एकमेकांत मिसळली आणि त्यांतून एक असत्य तयार झाले.

आता त्या अनवाणी पायांविषयी, ज्यांच्यावर या कथेचे कर्ते वरवर प्रेम करतात आणि प्रत्यक्षात अन्याय करतात. कथेतील गर्भित अर्थ असा असतो की आमचे खेळाडू दरिद्री होते, त्यांना बूट परवडत नव्हते किंवा ते वापरण्याची अक्कल नव्हती. वस्तुतः अनवाणी खेळणे ही बंगालच्या, दक्षिणेच्या आणि एकंदर भारतीय फुटबॉलची एक कमावलेली शैली होती. चेंडूचा पायाला होणारा प्रत्यक्ष स्पर्श, वळण्यातील चपळाई आणि लहान लहान फेकींनी चेंडू पुढे नेण्याची पद्धत यांच्याशी ती निगडित होती. अनेक खेळाडू पावलांना पट्ट्या गुंडाळीत. पावसाने चिखल झाला म्हणजे हीच शैली दुबळी पडे, हे तर आपल्या खेळाडूंना कोणा युरोपियनापेक्षा अधिक ठाऊक होते. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २ विरुद्ध १ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते आणि एकटे रेव्हरंड सुधीर चटर्जी तेवढे बूट घालून खेळले होते. दोन्ही प्रकार एकाच संघात सुखाने नांदत होते. १९३६ साली मोहम्मद सलीम हा कलकत्त्याचा खेळाडू ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून पट्ट्या बांधलेल्या पायांनी खेळला, आणि स्कॉटलंडच्या प्रेक्षकांना त्याचे नवल वाटले. त्यात नियमभंग मात्र कोणाला दिसला नाही.

लंडनच्या सामन्याकडे तर विशेष बारकाईने पाहिले पाहिजे, कारण १९५० चा संघ कसा खेळला असता याचा सर्वांत जवळचा दाखला तोच आहे. ३१ जुलै १९४८ रोजी इलफर्ड येथील मैदानावर, स्वातंत्र्याला पुरते एक वर्षही झाले नसताना, तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखाली भारत फ्रान्सशी खेळला. फ्रान्सने आघाडी घेतली, सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली, आणि अगदी अखेरच्या क्षणांत फ्रान्सने विजयी गोल केला: २ विरुद्ध १. त्या सामन्यात भारताच्या वाट्याला आलेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. त्या साधल्या असत्या तर निकाल उलटा लागला असता, हे सांगावयास फुटबॉलचा पंडित लागत नाही. पराभव झाला तो निशाणाच्या चुकीने. कातड्याच्या अभावाने नव्हे. या दौऱ्यानंतर अशी एक गोष्ट पसरली की इंग्लंडच्या राजाने शैलेन मन्ना यांना पाटलोण वर करावयास लावून त्यांचे पाय पोलादाचे आहेत की काय हे पाहिले. ही आख्यायिकाच होय, पण आख्यायिकांतही प्रतवारी असते: हिच्यात त्या पायांविषयी आदर आहे, आपल्या कथेत त्या पायांविषयी कीव आहे.

बुटांची सबब निकालात काढल्यावर, कारभाऱ्यांची बाजू घेणारे काही अधिक जाणते लोक उरतात. ते दंतकथा सांगत नाहीत. ते परिस्थिती सांगतात. त्यांचे म्हणणे अधिक गंभीरपणे घेतले पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे.

पैशाचे म्हणणे प्रथम. देश नुकताच फाळणीतून निघालेला, निर्वासितांचे लोंढे अजून थांबलेले नाहीत, सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ रुपयाचेही अवमूल्यन झालेले, परकीय चलनाची टंचाई. अशा वेळी दक्षिण अमेरिकेला फुटबॉलचा संघ धाडणे ही चैन ठरली असती, असे ते म्हणतात. हे मान्य करावयास मी तयार झालो असतो, जर त्याच देशाने १९४८ मध्ये लंडनला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला आपले संघ पाठविले नसते. तिजोरी एकच होती आणि तिच्या किल्ल्याही त्याच वर्गाच्या हाती होत्या. त्यातून ब्राझीलच्या प्रवासाचा बराचसा भार यजमान उचलणार होते. पैसा नव्हता असे नव्हे. तो ज्याच्यावर खर्च करावा असे वाटले त्याच्यावर खर्च झाला. म्हणजे प्रश्न तिजोरीचा राहत नाही, पसंतीचा होतो.

अंतराचे म्हणणे त्याला लागूनच येते. लांबचा समुद्रप्रवास, दमलेले खेळाडू, मोडलेला सराव. खरे आहे. पण त्याच तिसऱ्या गटातील इटलीकडे पाहा. १९४९ च्या मे महिन्यात तुरीनजवळ सुपेर्गा येथे विमान कोसळून तोरिनोचा संपूर्ण संघ मृत्युमुखी पडला होता. इटलीच्या राष्ट्रीय संघाचा कणाच त्या टेकडीवर मोडला. त्या धक्क्याने विमानाचे नाव नको झालेला तो संघ जहाजाने अटलांटिक ओलांडून गेला, स्वीडनकडून हरला आणि पॅराग्वेला हरवून परत आला. ज्यांच्याजवळ न जाण्यास खरोखर हृदयद्रावक कारण होते ते गेले.

राहिले सर्वांत विद्वत्तापूर्ण कारण: हौशीपणाचे. विश्वचषकात व्यावसायिक खेळाडू असतात, त्यांच्याशी खेळल्यास आपल्या खेळाडूंचा ऑलिंपिकमधील हौशी दर्जा धोक्यात येईल, आणि आपणांस तर ऑलिंपिक हेच सर्वस्व; सबब दूर राहिलेले बरे, असा विचार महासंघाने केला असावा, असे म्हणतात. तो केला असेलही. परंतु केला असल्यास तो किती उथळ होता हे पाहावयास फार लांब जावे लागत नाही, कारण त्याचे उत्तर भारताच्याच गटात बसलेले होते. स्वीडन हा १९४८ चा ऑलिंपिक विजेता. त्याचे तीन सर्वांत मोठे खेळाडू, ग्रेन, नॉर्डाल आणि लीडहोल्म, पैसे घेऊन मिलानला खेळावयास गेले, तेव्हा स्वीडिश महासंघाने व्यावसायिकांना राष्ट्रीय संघात स्थान नाही हे आपले तत्त्व ढळू दिले नाही. त्या तिघांना वगळून निव्वळ हौशी संघ ब्राझीलला पाठविला. त्या संघाने साओ पावलो येथे इटलीला ३ विरुद्ध २ असे हरवले, स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला, आणि दोन वर्षांनी हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदकही जिंकले. कोणी त्यांचा दर्जा हिरावून घेतला नाही.

युगोस्लाव्हियाची गोष्ट तर याहून बोचरी आहे. १९५० मध्ये त्यांचा संघ ब्राझीलला गेला, आणि तेथे मितीच हा त्यांचा मुख्य आक्रमक माराकान्याच्या भुयारी वाटेत लोखंडी तुळईवर डोके आपटून जखमी झाल्याने डोक्याला पट्टी बांधून मैदानात उशिरा उतरला. तोवर यजमानांचा गोल झालेला होता. हाच मितीच, आणि बोबेक व चायकोवस्की, १९५२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या ऑलिंपिक संघातही होते. आणि हाच तो देश ज्याने हेलसिंकीला आपल्यावर दहा गोल चढविले. अर्थात ज्या संघाने विश्वचषकाची शाळा चुकविली नाही त्याने ऑलिंपिकमध्ये ती चुकविणाऱ्या संघाची काय दशा केली याचे प्रात्यक्षिकच आपल्या नशिबी आले. ब्राझीलला गेलो असतो तर हेलसिंकीला दहा गोल झाले नसते असे मी म्हणणार नाही. परंतु युरोपियन संघ पुढे किती सरसावला आहे, थंड व ओल्या मैदानावर अनवाणी पायांचे काय होते, आपल्या बचावाची फळी कोठे फुटते, हे धडे दोन वर्षे आधी, आणि बहुधा कमी अपमानाच्या मोबदल्यात, शिकता आले असते.

त्या काळी विश्वचषकाला प्रतिष्ठा नव्हती, हे आणखी एक म्हणणे. शैलेन मन्ना यांनी उतारवयात सांगितल्याप्रमाणे खेळाडूंना त्या स्पर्धेची फारशी कल्पना नव्हती आणि ऑलिंपिक हेच त्यांना सर्वोच्च वाटे. खेळाडूच्या तोंडी हे विधान प्रामाणिक आहे आणि मी ते संपूर्णपणे स्वीकारतो. ती केवळ चौथी स्पर्धा होती, मधली बारा वर्षे महायुद्धाने खाल्लेली, इंग्लंडसारख्या देशानेही त्यात प्रथमच भाग घेतलेला. परंतु खेळाडूंचे अज्ञान हा महासंघाचा बचाव होऊ शकत नाही. ज्या संस्थेने फिफाचे सदस्यत्व घेतले, पात्रतेसाठी नाव पाठविले, पात्रता मिळाल्यावर ती नाकारली नाही आणि सोडत होईपर्यंत स्वस्थ राहिली, तिने आपणांस स्पर्धेचे महत्त्व ठाऊक नव्हते असे म्हणणे म्हणजे खरेदीखतावर सही करून नंतर जमीन कोठे आहे हे विचारण्यासारखे आहे.

तेव्हा फिरून फिरून आपण महासंघाच्याच शब्दांपाशी येतो: संघनिवडीतील मतभेद. हे शब्द इतके कोरडे आहेत की त्यांच्यावर कोणी आख्यायिका रचली नाही, आणि मला वाटते सत्य त्यांच्यातच अधिक आहे. आपला महासंघ १९३७ साली सिमल्याला जन्मास आला तोच मुळी कलकत्त्याची संस्था आणि इतर प्रांतांच्या संस्था यांच्यातील दीर्घ कलहाच्या पोटी. भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असे कलकत्त्याला वाटे, आणि म्हैसूर, हैदराबाद, मुंबई यांना तसे वाटत नसे. या ओढाताणीत कोणत्या प्रांताचे किती खेळाडू घ्यावयाचे हा प्रश्न खेळाचा न राहता वाटणीचा होई. अकरा माणसे निवडण्यासाठी एकमत होत नाही म्हणून एकही माणूस पाठवावयाचा नाही, हा तोडगा ज्यांना सुचला त्यांच्या मुत्सद्देगिरीची तारीफ करावी तितकी थोडीच.

आणि खेळाडूंची वाण होती असेही नाही. ज्या वर्षी ब्राझीलला संघ गेला नाही त्याच वर्षी मुंबईत कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद सिटी पोलीस संघाने रोव्हर्स चषक जिंकला आणि ओळीने पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. मुंबईकरांनी ज्यांचे शिष्य आपल्या डोळ्यांनी पाहिले तेच रहीम मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाचे मार्गदर्शक होते. त्या संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३ विरुद्ध ० आणि अंतिम सामन्यात इराणला मेवालाल यांच्या गोलाने १ विरुद्ध ० असे नमवून सुवर्णपदक मिळविले. पुढे १९५६ साली मेलबर्नला हाच भारतीय फुटबॉल, आता बूट घालून, ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचला. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले. चार वर्षांत ज्यांनी बूट आत्मसात करून जगात चौथा क्रमांक मिळविला त्यांना १९५० मध्ये केवळ बुटांनी अडविले असते, हे कोणाच्या गळी उतरावे?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. १९५० मध्ये गैरहजर राहणारा भारत एकटाच नव्हता. सोळांच्या जागी तेराच संघ खेळले. तुर्कस्तानने नाव मागे घेतले. पोर्तुगालने निमंत्रण नाकारले. फ्रान्सने ते स्वीकारून, आपले सामने एकमेकांपासून किती दूरच्या शहरांत ठेवले आहेत हे पाहिल्यावर, अंग काढून घेतले. स्कॉटलंडची तऱ्हा सर्वांत निराळी: ब्रिटनमधील स्पर्धेत पहिले येऊ तरच जाऊ असा त्याने पण केला होता, इंग्लंडकडून १ विरुद्ध ० असा हरल्याने तो दुसरा आला, आणि दुसऱ्यालाही जागा राखून ठेवलेली असता मानापायी घरी बसला. हा हट्ट वेडगळ होता आणि स्कॉटलंडचे लोक आजही तो वेडगळच म्हणतात. आमच्या घागऱ्यांवर फिफाने बंदी घातली म्हणून आम्ही गेलो नाही, अशी कथा त्यांनी अद्याप रचलेली नाही.

ते वर्षच दंतकथांना मोठे अनुकूल होते. बेलो होरिझोन्ते येथे अमेरिकेच्या हौशा-नवशा संघाने इंग्लंडला १ विरुद्ध ० असे हरविले, तर लंडनच्या वृत्तपत्रांनी ती तारेतील चूक समजून इंग्लंड १० विरुद्ध १ असे छापले, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते, आणि तसे छापलेले वृत्तपत्र शोधू गेल्यास हाती लागत नाही. परंतु भारताच्या कथेशी खरे साम्य आहे ते ब्राझीलच्याच एका दुर्दैवी माणसाचे. १६ जुलै रोजी माराकान्यावर, तिकिटे काढून आलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, केवळ बरोबरी पुरेशी असता ब्राझील उरुग्वेकडून २ विरुद्ध १ असे हरले. घिजियाचा निर्णायक गोल गोलरक्षक मोआसिर बार्बोझाच्या आणि खांबाच्या मधून गेला. त्या क्षणापासून २००० साली मरेपर्यंत तो कृष्णवर्णी गोलरक्षक राष्ट्राचा अपराधी ठरला. सामन्यापूर्वीच विजयोत्सव साजरे करणारे पुढारी, ब्राझीलला आधीच विश्वविजेते ठरविणारी वृत्तपत्रे, आघाडी मिळाल्यावरही ती न राखणारी संघरचना, यांच्यापैकी कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले नाही. तिकडे एका गोलरक्षकाचे हात दोषी ठरले, इकडे एका संघाचे पाय. फरक एवढाच की बार्बोझा निदान मैदानात तरी होता. आपल्या खेळाडूंना तेथवर जाऊच दिले नाही आणि तरीही दोष त्यांच्याच अवयवांना लागला.

या कथेच्या खंडनाबरोबर तिच्या जुळ्या भावंडाचेही खंडन करावयास हवे, कारण एक मोडली की लोक दुसरीच्या आश्रयाला जातात. ते म्हणतात, १९५० मध्ये आपण गेलो असतो तर आज भारत फुटबॉलची महासत्ता असता. हे कशावरून? स्वीडन व इटली यांच्यापुढे आपण बहुधा हरलो असतो, कदाचित मोठ्या फरकाने. पण हरण्याच्या भीतीने न जाणे आणि जाऊन हरणे यांत केवढे अंतर आहे ते दक्षिण कोरियाने दाखविले. त्या देशातील युद्ध थांबून पुरते वर्षही झाले नसता १९५४ मध्ये त्याचा संघ स्वित्झर्लंडला गेला, हंगेरीने त्याच्यावर नऊ आणि तुर्कस्तानने सात गोल केले, आणि स्वतः एकही गोल न करता तो परतला. आपल्या हेलसिंकीच्या दहा गोलांपेक्षा हे काही अधिक शोभिवंत नव्हते. तोच देश २००२ मध्ये उपांत्य फेरीत खेळला. मधल्या अर्धशतकात त्यांनी पुष्कळ काही केले, ते सर्व त्या नऊ आणि सात गोलांतून उगवले असे म्हणणे बालिशपणाचे होईल. पण ते मैदानात होते, आणि त्यांच्या पराभवांचा हिशेब त्यांच्या नावावर होता. आपला १९५४ चा अर्ज फिफाने स्वीकारला नाही, आणि त्यानंतर पात्रताफेरीत आपण उतरलो तो १९८६ च्या स्पर्धेसाठी. या मधल्या तीन दशकांच्या रिकाम्या पानांबद्दल कोणी बुटांना जबाबदार धरल्याचे माझ्या वाचनात नाही.

अखेरीस ते सज्जन उरतात जे म्हणतात की, कथा खोटी असली तरी स्फूर्तिदायक आहे, राहू द्यावी. मला हे कळत नाही की तिच्यातून कोणती स्फूर्ती मिळते. परकीयांनी नियम केला म्हणून आम्ही खेळलो नाही, हे ऐकून कोणता मुलगा मैदानाकडे धावेल? उलट इलफर्डला फ्रान्सच्या तोंडचे पाणी पळविणारे, दिल्लीला सुवर्णपदक जिंकणारे आणि मेलबर्नला उपांत्य फेरी गाठणारे ते खेळाडू आपल्या स्मृतीत राहावयास हवे होते. त्यांच्याऐवजी दारातून परत पाठविलेल्या दरिद्री पाहुण्यांचे एक चित्र आपण त्यांच्या नावावर लावून ठेवले आहे, आणि ज्यांनी त्यांना दारापर्यंत जाऊच दिले नाही त्यांची नावे मात्र कोणाला विचारूनही सांगता येत नाहीत.

असो. पुढच्या विश्वचषकाच्या वेळी ही कथा पुन्हा छापली जाईल याविषयी मला शंका नाही. छापणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, फिफाने १९५० साली भारताला बूट घालण्याचा जो हुकूम केला तो त्यांनी तारीख, जावक क्रमांक आणि सही यांसह एकदा लोकांपुढे ठेवावा; आणि त्याच्यासोबत, तो हुकूम अंमलात असता १५ जुलै १९५२ रोजी त्याच फिफाच्या नियमांखाली भारताचे अनवाणी खेळाडू हेलसिंकीच्या मैदानात कोणाच्या परवानगीने उतरले, याचा खुलासाही जोडावा.